कोकणी थाटाचं शब्बाथचं जेवण: मित्रमंडळींना बोलवायचं तर

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लागले की यहुदी घरातली कामं थांबतात आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. गॅस पेटवायचा नाही आणि पेटलेला विझवायचाही नाही. बटण दाबायचं नाही. लिहिणं, कातरणं, शिवणं, पैशांची देवघेव, फोन, सगळं बंद, ते थेट शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. म्हणजे पाहुणे टेबलाशी बसतात तेव्हा यजमानाची सगळी कामं उरकलेली असावीत, अशी ही मेजवानी आहे. शब्बाथच्या जेवणाला थीम ठेवायची हौस असेल, तर तीही याच चाळणीतून काढायची. लाइव्ह डोसे, बार्बेक्यू, प्रोजेक्टरवरची चित्रं, कराओके या कल्पना शनिवारी रात्रीसाठी किंवा रविवारसाठी ठेवा. शुक्रवारची थीम आधीच शिजवून, मांडून, झाकून ठेवता आली पाहिजे. दिवे लागल्यावर तिने यजमानाला ओट्याकडे पळवता कामा नये.

सगळेच यहुदी हे नियम सारख्या काटेकोरपणे पाळतात असं नाही. कोणी दिवे लावून, किद्दुश (भरलेल्या पेल्यावर म्हणायचा शब्बाथचा आशीर्वाद) म्हणून मग टीव्हीही लावतो. पण टेबलाशी जो सगळ्यात कडक पाळणारा पाहुणा असेल त्याच्या मापाने तयारी करावी. त्याच्यासाठी केलेलं इतरांना चालतं, उलटं चालत नाही.

थीम कशाची ठेवायची

सगळ्यात सोपी थीम त्या आठवड्याच्या तोरा-वाचनात असते. दर शब्बाथला सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, ठरलेला भाग वाचतात. नोआहच्या जलप्रलयाचा भाग पावसाळा सरल्यावर येतो. याकोबाने लाल मसुराच्या शिजवणाच्या बदल्यात एसावकडून थोरलेपणाचा हक्क घेतला, ती गोष्ट साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते. त्या शुक्रवारी घमघमीत मसुराची आमटी करा, थीम झाली. जानेवारी-फेब्रुवारीत तांबडा समुद्र ओलांडल्यावरच्या गीताचा भाग येतो. त्या दिवशी गाणाऱ्यांना बोलवावं, वाद्यांना नको. वाद्यं शब्बाथला वाजवत नाहीत.

दुसरी वाट प्रांताची. बगदादी, कोचीनची, येमेनी, पूर्व युरोपातली, अशी प्रत्येकाची शुक्रवारची ताटं वेगळी. मात्र बगदादी म्हटल्यावर लगेच रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या भात-कोंबडीकडे धावू नका. तो पदार्थ शनिवारी दुपारच्या जेवणाचा आहे.

मी इथे कोकणची थीम सविस्तर सांगते. आम्हा बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, मूळच ते, आणि मराठी मित्रांना जेवायला बोलवायचं तर यापरती ओळखीची आणि तरीही नवलाची थीम सापडायची नाही. सगळा मसाला घरचा, फक्त ताटातले तीन-चार नेहमीचे पदार्थ गायब. का गायब, यावरच अर्धी रात्र गप्पा होतात.

टेबलावर सांगायला एवढी गोष्ट पुरे

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी आमची परंपरागत कथा आहे. कधी घडलं याबद्दल मतं अनेक आहेत, जेवताना त्या वादात शिरू नये. पुढच्या पिढ्या कोकणातल्या गावागावांत पसरल्या, तेलाचे घाणे चालवू लागल्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू विसरली, ग्रंथ जवळ नव्हते, पण शनिवारची सुट्टी, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना टिकली. दाविद रहाबी नावाचा यहुदी पुढे कोकणात आला तेव्हा त्याने म्हणे बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले-पंख असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला काढले. तेवढ्यावरून हे यहुदीच आहेत अशी त्याची खात्री पटली. मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं. ठाण्याचं १८७९ चं.

मासळीची ही गोष्ट राखून ठेवा. मासळी वाढताना ती सांगायची आहे.

कोणाला, किती जणांना, किती वाजता

आठ माणसं ठीक. दहाच्या वर गेलात की गप्पांचे दोन तट पडतात आणि किद्दुशच्या वेळी टेबलाचं ते टोक मोबाइलमध्ये असतं.

निमंत्रण निदान रविवारी द्या आणि वेळ सूर्यास्तावरून ठरवा. दिवे साधारणपणे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात. मुंबई-ठाण्यात नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सहाच्या आसपास असतो आणि जूनअखेर सव्वासात उलटून जातात. म्हणजे हिवाळ्यात पावणेसहाला दिवे लागायला हवेत आणि तेव्हा तुमचे मित्र लोकलमध्ये लटकत असतील. त्यांना दिवे लावण्याला बोलवायचा अट्टहास नको. घरच्यांनी वेळेवर दिवे लावावेत, पाहुण्यांना साडेसातला बोलवावं. उन्हाळ्यात मात्र सगळ्यांना दिव्यांनाच बोलवता येतं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने एप्रिल-मे धरावा असं माझं मत. इस्राएलमध्ये, अश्दोद किंवा दिमोनाला राहणाऱ्या मराठी मंडळींचं हिवाळ्याचं गणित याहून अवघड. तिथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा स्वयंपाक गुरुवारीच आटपावा लागतो.

निमंत्रणातच तीन गोष्टी स्पष्ट लिहा. येताना खायचं काही आणू नका. फुलं आणायची असतील तर दुपारीच पाठवा. फोटो दिवे लागायच्या आधी काढा. पहिली गोष्ट फार महत्त्वाची. कोणीतरी प्रेमाने पेढे किंवा बेकरीतला केक घेऊन येतं आणि मग तो कुठे ठेवायचा, कोणाला वाढायचा, हा पेच उभा राहतो. फारच विचारलं तर फळं आणायला सांगा, अख्खी.

शब्बाथ पाळणारे पाहुणे दिवे लागल्यावर वाहनात बसत नाहीत. ते चालत येण्याजोगे राहत असतील तर उत्तम, नाहीतर त्यांची रात्रीची झोपायची सोय करा आणि ती आधीच सांगा.

यजमान स्वतः यहुदी नसेल तर? जेवण जरूर करावं, पण किद्दुश आणि आशीर्वाद यहुदी मित्राला म्हणायला सांगावेत. जमलेल्यांत एकही यहुदी नसेल तर मंत्रपाठाचं नाटक नको. बेने इस्राएली पद्धतीचं कोकणी जेवण म्हणा, तेवढ्यानेही संध्याकाळ छान जाते.

मेनू

पहिल्यांदा करत असाल तर मटण-कोंबडी नकोच. कोशेर (यहुदी आहारनियमांत बसणारं) मांस म्हणजे शोहेतने, त्यासाठी शिकून तयार झालेल्या माणसाने, विधिपूर्वक कापलेलं, ते चौकातल्या दुकानात मिळत नाही. शिवाय मांस आलं की दूधदुभतं गेलं, भांडी वेगळी, आणि मांस-मासळी एका ताटात नाही, मध्ये ताट बदला. मासळी आणि भाज्यांवर भागवलं की हे सगळं सुटतं. शाकाहारी मित्रही तोंड वाकडं करत नाहीत.

तरीही मी अख्खा स्वयंपाक दूध-तुपाशिवाय करायला सांगेन. एक तर बरेच यहुदी मासळीबरोबरही दूध टाळतात. दुसरं म्हणजे कोकणी बेने इस्राएली स्वयंपाकाची खरी ओळखच ती आहे. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा नियम आणि दारात नारळाची झाडं, यातून गाईम्हशीच्या दुधाच्या जागी नारळाचं दूध आलं. कालवणात तेच, गोडातही तेच. मराठी हाताला इथे सवय मोडावी लागते. वरणावर तुपाची धार नाही, पोळीला तूप नाही, काकडीच्या कोशिंबिरीत दही नाही (लिंबू आणि दाण्याचं कूट घाला), शेवटी मठ्ठा नाही. सोलकढी मात्र बिनधास्त. नारळाचं दूध आणि आमसूल, तिच्यात दुधाचा थेंब नाही, त्यामुळे उद्या मटण केलंत तरी ती चालते.

आठ जणांचा माझा मेनू असा: रावसाचं हिरवं कालवण, शाकाहाऱ्यांसाठी त्याच वाटणातली बटाटा-मटाराची भाजी (वेगळ्या पातेल्यात), साधा भात, काकडीची कोशिंबीर, सोलकढी, गव्हाचा पाव, मनुकांचं सरबत आणि चिकाचा हलवा. बाजूला केळी, चिकू, खजूर.

मासळी

खवले आणि पंख दोन्ही हवेत. रावस, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकली, मुशी चालत नाहीत. कोळणीला तुकडे करायला सांगताना एक तुकडा खवल्यासकट ठेवायला सांगा, कडक पाळणाऱ्या पाहुण्याला तो बघायला आवडतो. सुऱ्यावर आधी कोळंबी साफ केली असेल तर तो धुऊन घ्यायला सांगायलाही संकोच नको.

आठ जणांना दीड किलो रावसाचे तुकडे. मीठ, हळद, लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा. वाटणाला कोथिंबिरीची एक मोठी जुडी, आठ-दहा हिरव्या मिरच्या, पंधरा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, अर्ध्या नारळाचं खोबरं. दुसऱ्या अख्ख्या नारळाचं दूध काढा, पहिलं दाट वेगळं ठेवा, दुसरं पातळ दोन वाट्या. पसरट पातेल्यात तेलावर दोन कांदे बारीक चिरून गुलाबी करा, त्यावर वाटण घालून कडेला तेल दिसेपर्यंत परता. कच्च्या लसणाचा वास जाऊन हिरवा रंग जरा काळपटतो, तेव्हा पातळ दूध, मीठ आणि सहा-सात आमसुलं घाला. उकळी आली की तुकडे एका थरात सोडा. इथून पुढे पळी घालायची नाही. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलकेच गोल हलवायचं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. सात-आठ मिनिटांनी दाट दूध घाला आणि कडेला बुडबुडे दिसायला लागले की लगेच गॅस बंद. उकळू दिलंत तर दूध फुटतं.

हे कालवण शुक्रवारच्या रात्रीसाठीच बनलंय म्हणा ना. ते कोमट असताना जास्त चांगलं लागतं, तीन तासांनी आंबटपणा मुरतो, आणि परत गरम करायची गरज नाही. म्हणूनच मी सुकी तळलेली मासळी या मेनूत घेत नाही. ती तव्यावरून ताटात आली तरच तिची मजा.

पाव, आणि तांदळाच्या भाकरीची अडचण

कोकणची थीम म्हटली की तांदळाची भाकरी डोळ्यासमोर येते. ती जरूर करा, पण आशीर्वादासाठी ती चालत नाही. भाकरीवरचा ‘हामोत्सी’ हा आशीर्वाद गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांच्या पावावरच म्हणतात. तांदूळ, ज्वारी, नाचणी त्यात बसत नाहीत. त्यामुळे गव्हाचं काहीतरी हवं, आणि तेही अख्खं, न मोडलेलं, दोन नग. मिसरमधून निघालेल्या इस्राएलांना वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मान्ना (आकाशातून पडणारं अन्न) मिळायचा, त्याची आठवण म्हणून दोन.

दोन जाडसर पोळ्या ठेवल्या तरी काम भागतं. वेणीसारखा विणलेला खल्ला करायचा असेल तर एक किलो मैदा, पंधरा ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, शंभर ग्रॅम साखर, शंभर मिली तेल, दोन अंडी, सपाट तीन चमचे मीठ आणि लागेल तसं कोमट पाणी, साधारण साडेचारशे मिली. दहा मिनिटं सडकून मळा, दुप्पट फुगू द्या, तीन-तीन पेडांच्या दोन वेण्या घाला, पुन्हा पाऊण तास ठेवा, अंड्याचा हात फिरवा आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजा. वेण्या जाड असतील तर आणखी पाच-सात मिनिटं. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं. बेकरीतला पाव घेणार असाल तर त्यात दूध-लोणी आहे का ते विचारून घ्या.

मनुकांचं सरबत

कोकणात कोशेर वाइन कुठून येणार? आमच्याकडे किद्दुश काळ्या मनुकांच्या सरबतावर करतात. पाव किलो मनुका स्वच्छ धुऊन लिटरभर पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, निवू द्या, हाताने कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. साखर लागत नाही. रंग गडद तपकिरी येतो, जांभळा नाही. जांभळा हवा म्हणून रंग घालू नका. हे उकळलेलं असल्यामुळे ते कोणी ओतलं, कोणी वाढलं याचा प्रश्न कडक पाळणाऱ्यालाही पडत नाही. साध्या वाइनबाबत तो पडतो. शिवाय मुलं, गाडी चालवणारे, दारू न घेणारे, सगळ्यांच्या पेल्यात एकच गोष्ट.

चिकाचा हलवा

कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात तोच. आमच्याकडे हा हलवा नवीन वर्षाला, रोश हशानाला, हमखास होतो, पण थीमच्या जेवणाला त्याला तोड नाही. एक वाटी घट्ट चिकाला चार वाट्या नारळाचं दूध आणि एक वाटी साखर, चिमूटभर मीठ. मंद आचेवर न थांबता ढवळायचं, कडा सुटेपर्यंत. मनगट बोलायला लागतं, म्हणून घरात दोघं असताना करा. वेलची, जायफळ, वर बदाम-पिस्त्याचे काप, तेल लावलेल्या थाळीत थापा. बुधवारी करून फ्रिजमध्ये ठेवला तर शुक्रवारपर्यंत छान राहतो. वड्या दिवे लागायच्या आत पाडून ठेवायच्या.

मलिद्याबद्दल विचारणारे भेटतील. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. तो आमचा सगळ्यात ओळखीचा पदार्थ खरा. पण मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने केलेला विधी. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात तो होतो आणि त्याच्या प्रार्थना वेगळ्या. केवळ थीम खुलते म्हणून त्याचं ताट मध्यभागी मांडणं मला पटत नाही. गोड पोहे खायचे असतील तर गोड पोहे म्हणून खा.

गुरुवार रात्र ते शुक्रवार संध्याकाळ

गुरुवारी रात्री: नारळ खवून ठेवा, वाटण वाटा, मनुका भिजवा, टेबल मांडा, थीमची कार्डं लिहून ठेवा (पुढे सांगते). हे सगळं गुरुवारी झालं तर शुक्रवारची गडबड निम्मी होते.

शुक्रवारी सकाळी बाजारातून मासळी. दुपारपर्यंत सरबत, सोलकढी, भाजी, पाव. कालवण दिवे लागायच्या दोन तास आधी. भात सगळ्यात शेवटी, अर्धा तास आधी, गरम गरम कॅसरोलमध्ये भरून कॅसरोल जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. इस्राएलमध्ये यासाठी घरोघरी विजेची चपटी हॉटप्लेट असते, दिव्यांआधी चालू करून तशीच ठेवतात. आपल्याकडे दोन चांगले कॅसरोल पुरतात. इंडक्शनवर भरवसा ठेवू नका, त्याची बटणं दाबावी लागतात. चहासाठी गवती चहा उकळून थर्मासमध्ये भरा, दूध न घालता.

कांदा-काकडी चिरणं, लिंबं कापणं, नॅपकिनच्या घड्या, सरबताच्या बाटलीचं सील तोडणं, आमसुलाच्या पाकिटाचं तोंड उघडणं, सगळं आत्ताच. शेवटचा अर्धा तास अंघोळीसाठी राखून ठेवा.

घराची तयारी

ही बाजू सगळे विसरतात. बेल हा पहिला घोटाळा. पाळणारा पाहुणा बेल दाबणार नाही, तो दार ठोठावेल आणि आतल्या हसण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू येणार नाही. दार नुसतं लोटून ठेवा आणि खाली वॉचमनला सांगून ठेवा, म्हणजे तो इंटरकॉम वाजवत बसणार नाही. लिफ्टही तो पाहुणा वापरणार नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत ठीक, पण तुम्ही अठराव्या मजल्यावर असाल तर तसं आधी कळवा.

बाथरूमचा आणि पॅसेजचा दिवा चालूच राहू द्या, बटणावर चिकटपट्टी लावा. नाहीतर सवयीने हात जातो आणि एखादा आत असताना अंधार होतो. फ्रिजच्या आतला दिवा लागू नये म्हणून त्याचं छोटं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. एसीला टायमर लावा.

दिवे पंख्याखाली नकोत. मुंबईच्या उकाड्यात पंखा लागणारच आणि वाऱ्याने विझलेला दिवा पुन्हा लावता येत नाही. आमची जुनी पद्धत काचेच्या पेल्याची: खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. तेल चार तास पुरेल इतकं घाला. दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं, फक्त जिथे लावल्या तिथेच राहू द्या, जेवताना इकडच्या तिकडे करायच्या नाहीत. म्हणून त्या जेवणाच्या टेबलाच्या मध्यावर ठेवू नका, पानं वाढताना अडचण होते आणि सरकवता येत नाहीत.

केळीची पानं मिळाली तर सोन्याहून पिवळं. दिसतातही सुंदर आणि ताटं धुवायचा प्रश्नच राहत नाही. कडक पाळणाऱ्या पाहुण्याला तुमच्या भांड्यांची शंका असेल तर तीही मिटते, निदान ताटापुरती. शिजवायच्या भांड्यांबद्दल त्याला आधीच मोकळेपणाने विचारा. जमणार नसेल तर त्याच्यासाठी फळं, सुकामेवा ठेवा. तो रागावणार नाही, त्याला सवय असते.

सजावट यापुढे काही लागत नाही. जाळी, शिंपले, नारळाच्या करवंट्या टेबलावर पसरणारे असतात. वाढताना त्या उचलत बसावं लागतं.

कार्डं

प्रत्येक जागेवर माणसाचं नाव लिहिण्याऐवजी गावाचं लिहा: नवगाव, थळ, किहीम, चौल, पेण, रोहा, अष्टमी, पेझारी. ही नुसती किनाऱ्याकडची गावं नाहीत. नवगावकर, थळकर, केहीमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, पेझारकर ही बेने इस्राएलांची आडनावं आहेत. मराठी मित्रांत दोन-तीन ‘कर’ असतातच, त्यांनी आपल्या गावाचं काय माहीत आहे ते सांगायचं. आम्ही एकदा केलं तेव्हा एका मैत्रिणीला आपल्या आडनावाचं गाव नक्की कोणत्या तालुक्यात आहे हेच ठाऊक नव्हतं आणि नकाशा बघायला फोनही नाही. टेबलावरच्या प्रत्येकाने वेगळा तालुका सांगितला. सोमवारपर्यंत वाद चालला.

संध्याकाळचा क्रम

दिवे घरातली बाई लावते. ज्योतींवरून हात फिरवून डोळे झाकते आणि आशीर्वाद म्हणते. पाहुण्यांनी तेवढा वेळ शांत उभं राहायचं, टाळ्या नाहीत. मग ‘शब्बाथ शालोम’. बेने इस्राएलांत सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात दोन्ही हातांत घेऊन मग आपलीच बोटं ओठांना लावायची रीत आहे. थोरामोठ्यांपासून सुरुवात होते, लहान मूल सगळ्यांकडे फिरतं. घरी पाहुण्यांना ती दाखवा, लगेच जमते.

मुलांना आशीर्वाद, मग किद्दुश. सगळे उभे, ज्याच्या हातात पेला आहे तो उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सातव्या दिवसाच्या ओळी आणि सरबतावरचा आशीर्वाद म्हणतो. पेला काठोकाठ भरा, निदान ८६ मिली मावेल असा. खाली बशी असू द्या, टेबलक्लॉथ वाचतो. या वेळी दोन्ही पाव फडक्याखाली झाकलेले असतात. आधी सरबताचा मान झाला तर पावाला वाईट वाटेल म्हणून झाकतात, असं मुलांना सांगतात. मोठ्यांनाही हेच सांगा, मोठे जास्त खूश होतात.

मग हात धुणं. तांब्याने दोन्ही हातांवर आळीपाळीने पाणी घालायचं आणि तिथून पावाचा घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही. हे आधी सांगून ठेवलं नाही तर मोठी गंमत होते: पाहुणा विचारतो ‘बसू का?’, यजमान नुसता मान हलवतो, पाहुण्याला वाटतं काहीतरी बिनसलं. पाव मिठात बुडवून तुकडे सगळ्यांना द्या आणि पानं वाढायला घ्या.

मासळी वाढताना रहाबीची गोष्ट सांगा. खवल्यासकट ठेवलेला तो तुकडाही तेव्हाच दाखवा. पोटभर जेवण झाल्यावर हलवा आणि गाणी. ज्याला जे येतं ते. हिब्रू येत नसेल तर मराठी भजन चालतं. बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात बायबलच्या गोष्टींवर मराठी कीर्तनं रचली आणि सादर केली, तेव्हा टेबलाशी बसून अभंग म्हणायला कोणी लाजू नये. टाळ मात्र कपाटातच राहू द्या. शेवटी भोजनोत्तर प्रार्थना, ती म्हणणारे म्हणतील, बाकीच्यांनी बसून राहावं, उठून पानं गोळा करायला लागू नये.

नंतर

पानं गुंडाळून टाका, पातेली सिंकमध्ये ठेवून द्या. घासायची घाई करायची नाही, ती शनिवारी रात्री. उरलेलं कालवण फ्रिजमध्ये, शनिवारी दुपारी थंडच भाताबरोबर खा. खल्ला उरला तर शनिवारी रात्री तारे दिसल्यावर त्याचे काप अंड्यात बुडवून तव्यावर परता. पाळणाऱ्या पाहुण्याला डबा भरून देऊ नका, रस्त्याने तो नेणार नाही. बाकीच्यांना द्या. हलव्याची कृती कोणीतरी मागणारच आणि लिहून द्यायला पेन हातात घेता येत नाही. रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि गहू तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात हे पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर शुक्रवारी दुपारी फोन येतो.